लेक मेरिटच्या दोरांवरचा किडा

ओकलंडमध्ये सगळे लेक मेरिटला तळं म्हणतात, पण मुळात ती खाडी. सॅन फ्रान्सिस्को उपसागराचं पाणी एका चिंचोळ्या वाटेने शहराच्या मध्यापर्यंत येतं आणि ओहोटीबरोबर परत जातं. १८६९ मध्ये डॉ. सॅम्युएल मेरिट यांच्या पुढाकाराने त्या वाटेवर बांध पडला, ओहोटीतही पाणी टिकून राहू लागलं आणि चिखलाच्या खाडीचं तळं झालं. पुढच्याच वर्षी इथल्या पाणपक्ष्यांच्या शिकारीवर कायद्याने बंदी आली. अमेरिकेतलं पहिलं वन्यजीव अभयारण्य म्हणून आजही त्याचं नाव घेतात. हिवाळ्यात पाऊस पडला की शहरातल्या ओढ्यांचं गोडं पाणी यात येतं, उन्हाळ्यात समुद्राचा जोर वाढतो. एरवी पाणी मचूळ.

माझं माहेर जैतापूर खाडीच्या काठचं. लग्नानंतर इथे आले आणि घर तळ्यापासून चालत जाण्याइतकं जवळ मिळालं, याचं मला फार अप्रूप होतं. भरतीची वेळ बघून फिरायला निघण्याची सवय इथेही सुटली नाही. ओहोटीला तळ्याच्या दगडी भिंतीचा खालचा पट्टा उघडा पडतो आणि त्यावर करड्या-पांढऱ्या खरबरीत नळ्यांचे पुंजके दिसतात. आमच्याकडच्या खडकांवर कालवं असतात, तसंच काही असेल असं वाटायचं. जवळ जाऊन पाहिलं तर कालवाचं शिंपलं नाही, मांस नाही. नुसत्या नळ्या.

त्या कोणाच्या हे कळलं ते जेटीवरच्या एका गटामुळे. काही हौशी माणसं ठरावीक दिवशी जेटीवर जमतात, पाण्यात सोडलेले दोर आणि पाट्या वर काढतात, त्यावर काय काय चिकटलंय याची नोंद करतात. गटप्रमुख बाई शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी मला हातमोजे दिले आणि सांगितलं, तो कोपऱ्यातला दोर ओढ. दोर माझ्या अंगठ्याएवढा जाड, पण वर येईपर्यंत खांदे भरून आले. त्यावर वीतभर रुंदीचा ढेपसा बसला होता, हुबेहूब कुरडईसारखा: नळीत नळी गुंतलेली, काही वर वळलेल्या, काही आडव्या, मधे चिखल. जुन्या नळ्या तपकिरी, टोकाकडच्या ताज्या पांढऱ्या. प्रत्येक नळीवर ठरावीक अंतराने कंगोऱ्यासारखी कडी होती. नळीची वाढ थांबत थांबत होते, त्या थांब्यांच्या या खुणा.

बाईंनी एक तुकडा तोडून पसरट भांड्यात तळ्याच्याच पाण्यात ठेवला आणि म्हणाल्या, आता कोणी हलू नका. काही मिनिटं काहीच झालं नाही. मग एका नळीच्या तोंडातून पिसासारखा बारीक झुबका बाहेर आला, मग दुसऱ्या, मग सगळीकडून. हिरवट-करड्या रंगाचे झुबके पाण्यात उलगडून हळूहळू हलत होते. हे त्या किड्याचे कल्ले. श्वासही त्यांनीच घ्यायचा आणि पाण्यातले बारीक कण गाळून खायचेही त्यांनीच. मी नीट दिसावं म्हणून वाकले, माझी सावली भांड्यावर पडली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळे आत. नळीच्या तोंडाशी एक छोटं झाकण बसलं, त्यावर काळ्या काट्यांची कडा. किडा स्वतः जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर लांबीचा. पण पाण्यात विरघळलेला चुना घेऊन तो स्वतःभोवती दगडासारखी नळी बांधतो, आणि असे हजारो एकमेकांना धरून वाढले की दोर वर ओढायला दोन माणसं लागतात.

याचं शास्त्रीय नाव फिकोपोमॅटस एनिग्मॅटिकस. १९२१ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या काँ शहराच्या कालव्यात तो सापडला, १९२२ ला लंडनच्या गोद्यांत, आणि १९२३ मध्ये पिएर फोव्हेल यांनी त्याचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं. सॅन फ्रान्सिस्को उपसागरातली पहिली नोंद त्याच सुमाराची, १९२० च्या आसपासची. म्हणजे इथे तो ओळखीच्या नावाच्याही आधीपासून आहे. लेक मेरिट त्याचं जुनं ठाणं. मूळ गाव ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं असं बहुतेक अभ्यासक मानतात, पण तिथेही गुंता आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात तिथल्या किड्यांचे या एकाच नावाखाली तीन वेगळे गट निघाले.

तो एवढ्या लांब कसा पोचला याचं कोडं मात्र नाही. जहाजाच्या तळाला चिकटून. लाकडी असो की लोखंडी, जहाज बंदरात उभं राहिलं की तळावर हे असले जीव बसतात आणि जहाज निघालं की त्याच्याबरोबर निघतात. मधे खारा समुद्र, मग एखादी मचूळ खाडी, मग गोदी. बहुतेक समुद्री किडे गोड्या पाण्यात मरतात, गोड्या पाण्यातले खाऱ्यात. हा दोन्हीच्या मधल्या पट्ट्यात सर्वांत सुखी, आणि दोन्ही टोकांचा त्रास बराच काळ सोसू शकतो. ३१ डिसेंबर २०२२ ला ओकलंडमध्ये विक्रमी पाऊस झाला. रस्ते बुडाले, तळं गढूळ गोड्या पाण्याने भरलं. उन्हाळा आला तेव्हा जेटीच्या दोरांवर पांढऱ्या ताज्या नळ्या होत्याच.

सुरुवातीला मला त्याचा रागच यायचा. बाईंनी एकदा एका ढेपशातून निघालेल्या सगळ्या जीवांची यादी माझ्याकडून लिहून घेतली. वहीत प्रत्येक नावापुढे दोन रकाने: इथलं, बाहेरचं. बाहेरच्याच्या रकान्यात मी खुणा करत गेले. अटलांटिकचा शिंपला, आशियातला शिंपला, जपानकडचा गोबी मासा, कुठले कुठले झिंग्यांसारखे बारीक प्राणी. १९९८ मध्ये अँड्र्यू कोहेन आणि जेम्स कार्लटन यांनी सॅन फ्रान्सिस्को उपसागराचा हिशेब 'सायन्स' या नियतकालिकात मांडला होता: बाहेरून आलेल्या २३४ जाती, आणि १९६१ ते १९९५ या काळात सरासरी दर चौदा आठवड्यांना एक नवी. तो आकडा मी आधी वाचला होता, पण वहीतल्या खुणांनी तो अंगावर आला. कालवाची इथली मूळ जात, ऑलिंपिया नावाची, त्या दिवशी आम्हाला मिळाली ती एका नळ्यांच्या पुंजक्याच्या आड, बोटाच्या पेराएवढी.

जेटीवर फिरायला आलेले कोणी थांबून विचारतात आणि 'बाहेरचे' हा शब्द ऐकला की कोणी ना कोणी माझ्याकडे बघून एखादी टिप्पणी करतं, बहुधा प्रेमानेच. मला ती तुलना पटत नाही आणि मी तसं सांगते. माणूस आपल्या पायांनी येतो, कारण घेऊन येतो, शेजाऱ्याशी बोलतो. किड्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याला आपण जहाजांनी वाहून नेलं, आणि त्याचा हिशेब आपणच द्यायला हवा. माणसांबद्दलचा राग किंवा प्रेम त्यात मिसळलं की दोन्ही गोष्टी नासतात.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "खातात का गो ते?" नाही म्हटल्यावर, "मग त्याला खातं कोण?" हा प्रश्न मी बाईंना विचारला. मासे कल्ल्यांचे झुबके कुरतडतात, खेकडे नळ्या फोडायला बघतात, पण झाकण लावून आत बसलेल्याला बाहेर काढणं सोपं नाही. खाणारे कमी आणि जागा भरपूर.

जागेबद्दल बाईंनी जे दाखवलं त्याने माझा राग निवत गेला. त्यांनी मला तळ्याच्या दोन कडा दाखवल्या. एका कडेला शहराने बांधलेली भिंत, दुसऱ्या बाजूला नव्याने मोकळा केलेला उताराचा चिखलकाठ. भिंतीवर नळ्यांचा जाड थर, चिखलावर जवळजवळ काहीच नाही; तिथे दिसल्या त्या एखाद्या दगडावर किंवा बाटलीवर. या किड्याला बसायला टणक काहीतरी लागतं. मूळच्या खाडीत चिखल होता, गवत होतं, टणक जागा थोड्या. भिंती, जेटीचे खांब, तराफे, साखळ्या, बुडालेल्या गाड्यांचे टायर आपण आणून ठेवले. दुसरं, त्याची पिल्लं पाण्यात सुमारे तीन आठवडे तरंगतात आणि मग आपल्याच जातीच्या नळ्या शोधून शेजारी बसतात. वाहत्या खाडीत बरीचशी पिल्लं ओहोटीबरोबर समुद्रात जातील. बांध घातलेल्या पाण्यात ती तिथल्या तिथे फिरत राहतात. जगभर हा किडा गोद्या, मरिना आणि दारं लावलेल्या तळ्यांमध्ये जास्त माजतो तो यामुळे. किडा जहाजाने आला, पण त्याच्यासाठी जागा आपण आधीच बांधून ठेवली होती.

ओकलंडच्या मतदारांनी २००२ मध्ये तळ्याच्या आणि किनाऱ्याच्या कामांसाठी सुमारे १९ कोटी ८० लाख डॉलरच्या रोख्यांना कौल दिला. त्यातून बाराव्या रस्त्याखालच्या जुन्या अरुंद मोऱ्या काढून तिथे २०१३ च्या सुमाराला उघडा रुंद प्रवाह केला गेला. भरतीचं पाणी आता पूर्वीपेक्षा मोकळं आत येतं. माझ्या मते किड्याविरुद्ध या शहराने केलेलं सर्वांत शहाणपणाचं काम हेच, आणि ते करताना किड्याचं नावही कोणी घेतलं नसेल.

तो वाईटच करतो असंही म्हणता येत नाही. केपटाऊनजवळच्या झांडफ्लेई खाडीमुखातल्या एका मरिनात १९८० च्या दशकात अभ्यास झाला. तिथल्या नळ्यांमधले किडे मिळून मरिनातलं सगळं पाणी साधारण दिवसाभरात गाळून काढू शकतात असं दिसलं, आणि ते नसते तर पाणी अधिक गढूळ राहिलं असतं असा निष्कर्ष निघाला. अर्जेंटिनात मार चिकिता नावाच्या खाजणात याच्या नळ्यांचे गोल चौथरे झाले आहेत, मोठे सात मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच. जिथे नुसता मऊ तळ होता तिथे आता हे चौथरे, त्यांच्या आडोशाने एका जातीचे खेकडे फार वाढले आणि आजूबाजूच्या चिखलातले लहान जीव त्यांनी कमी केले. शिवाय पाण्याचे नळ बुजतात, जहाजांचे तळ जड होतात, कारखान्यांची थंड पाण्याची तोंडं अडतात. एका ठिकाणी गाळणी, दुसऱ्या ठिकाणी अडगळ, आणि बहुतेक ठिकाणी एकाच वेळी दोन्ही.

केपटाऊनचं वाचून मला वाटलं होतं, निदान आमच्या तळ्याचं पाणी तरी हे किडे सांभाळतील. मग २०२२ चा ऑगस्ट आला. उपसागराचं पाणी चहाच्या रंगाचं झालं. हेटेरोसिग्मा अकाशिवो नावाचं सूक्ष्म शेवाळ प्रचंड वाढलं होतं. महिन्याच्या शेवटी लेक मेरिटच्या काठांना मेलेले मासे लागले: पट्टेरी बास, पाकट, लहान लहान चांदीसारखे मासे, हजारोंनी. वास घरापर्यंत यायचा. काठाने चालणारी मुलं नाक धरून उभी राहून बघत होती, कोणी हसत नव्हतं. त्या आठवड्यात आम्ही जेटीवर नोंदी केल्या नाहीत. जे कोणी येऊ शकलं त्याने काठावरचे मासे उचलायला मदत केली. हातातली पाकट पंख्याएवढी रुंद होती आणि तिच्या कातडीवर अजून तजेला होता. मला आमच्या खाडीतली पाकट आठवली आणि तिथेच रडू आलं.

नळ्या तेव्हाही भिंतीवर होत्या. पण अख्ख्या उपसागराच्या काठच्या शहरांमधून नायट्रोजन असलेलं सांडपाणी येत राहिलं, तर भिंतीवरचे किडे काय पुरे पडणार. पुढे जुलै २०२४ मध्ये उपसागराच्या पाण्याचं नियमन करणाऱ्या मंडळाने सांडपाणी प्रकल्पांना नायट्रोजन २०३४ पर्यंत ४० टक्क्यांनी कमी करण्याचा हुकूम दिला. खर्च मोठा आहे आणि वाद होतील, तरी मला त्या हुकमाचा आनंद झाला.

आमच्या तळ्यातून हा किडा आता जाणार नाही. खरवडा, पुढच्या उन्हाळ्यात परत बसेल. शंभर वर्षं झाली त्याला इथे. म्हणून आमच्या गटाचं लक्ष दोन गोष्टींवर असतं: आणखी कोणी नवं येतंय का, आणि इथून कोणी दुसरीकडे जातंय का. पहिल्यासाठी प्लास्टिकच्या चौकोनी पाट्या आहेत. त्या विटेला बांधून पाण्यात मीटरभर खोल सोडतात, उन्हाळाभर ठेवतात आणि वर काढून भिंगाखाली एकेक जीव ओळखतात. दुसऱ्यासाठी नुसती माणसं आहेत.

आमचीच गोष्ट सांगते. माझ्या नवऱ्याला कायाक वल्हवायची आवड. इथून दक्षिणेला, मॉन्टरे उपसागराच्या काठी एल्कहॉर्न स्लू नावाची खाडी आहे, तिथे समुद्री ऊद बघायला आम्ही जातो. पोटावर शिंपलं ठेवून दगडाने फोडणारे ऊद बघत तासन्‌तास जातात. त्या खाडीत मोठी जहाजं येत नाहीत. तरी १९९० च्या दशकात तिथे हाच किडा सापडला. म्हणजे दूरच्या देशातून नव्हे, जवळच्याच एखाद्या बंदरातून, छोट्या होड्यांबरोबर किंवा कालवांच्या पेट्यांबरोबर आला असावा. तिथल्या अभ्यासकांनी नळ्यांचे पुंजके उकलून पाहिले तर त्यांत बाहेरच्या जातींचे बारीक प्राणी विशेष वाढलेले. म्हणजे एकाने जागा केली आणि दुसऱ्यांना ती मिळाली.

हे कळल्यावर मी कायाक धुण्याचा आग्रह धरला. नवरा म्हणाला, "अगं, दोन तास तर पाण्यात होती. नळी काय लगेच बसते?" त्याचं खरं होतं. नळी लगेच बसत नाही. पण होडीच्या तळात साठलेलं पाणी, दोराच्या पिळातला चिखल, जाकिटाच्या पट्ट्यांमधलं ओलं शेवाळ यात काय तरंगतंय ते डोळ्यांना दिसत नाही. त्याने थोडी कुरकूर केली आणि मग स्वतःच पद्धत बसवली: परतल्यावर आधी सगळं पाणी ओतायचं, नळाच्या पाण्याने आतून-बाहेरून धुवायचं, दोर सोडून उन्हात पसरायचे, आणि पूर्ण वाळेपर्यंत दुसऱ्या पाण्यात न्यायची नाही. आता शेजारचा खेकड्यांचे पिंजरे लावणारा गृहस्थही आमच्याच नळावर पिंजरे धुतो.

हे फक्त इथलं आहे असं समजायची सोय नाही. कॅरिबियन समुद्राकडचा एक छोटा शिंपला, मायटिलॉप्सिस सॅली, १९६७ मध्ये विशाखापट्टणम बंदरात नोंदला गेला आणि पुढे मुंबईच्या गोद्यांमध्येही. त्यालाही मचूळ पाणी मानवतं, तोही टणक जागी थरावर थर लावतो. कोकणातल्या खाड्यांवर आता भिंती आहेत, जेट्या आहेत, खारलँडचे बंधारे आहेत. बसायला जागा तिथेही वाढली आहे.

गेल्या वर्षी जैतापूरच्या माझ्या मामेभावाने मुंबईत एक जुनी फायबरची होडी घ्यायची ठरवली. बरेच महिने ती बंदरात नुसती उभी होती म्हणून स्वस्त मिळत होती. तो समुद्रानेच ती गावी आणणार होता. व्हिडिओ कॉलवर त्याने होडी दाखवली तेव्हा मी तळ दाखवायला सांगितला. पाण्याच्या रेषेखाली सगळं खडबडीत.

"ताई, हे काय, सगळ्याच होड्यांना असतं," तो म्हणाला. "गावी नेऊन ओढू वर, पावसाआधी खरवडतोच की आपण."

मी त्याला म्हटलं, गावी खरवडलंस की ते आपल्या खाडीच्या काठावर पडणार, आणि जिवंत पडणार. मुंबईतच वर काढ. त्याने खर्च सांगितला. खर्च खोटा नव्हता. क्रेनचं भाडं, जागेचं भाडं, माणसांची मजुरी. मी अर्धा देते म्हटलं तर रागावला, मग विचार करतो म्हणाला. आईनेही त्याला फोन केला असावा, कारण दुसऱ्या दिवशी त्याने मला न विचारताच ठरवलं होतं: होडी मुंबईतच कोरड्यावर घ्यायची, इंजिन तिथेच उतरवायचं आणि सगळं ट्रकने आणायचं.

काल त्याने फोटो पाठवले आहेत. होडी लाकडांवर चढवलेली, एक बाजू साफ, दुसरी अजून तशीच. खाली ताडपत्री आणि तिच्यावर खरवडलेल्या शिंपल्यांचा ढीग. त्यात मायटिलॉप्सिस आहे का ते फोटोवरून ओळखता येत नाही, म्हणून दोन-चार वेगळे काढून आतली बाजू दिसेल असे फोटो घ्यायला मी सांगितलंय. ढीग पाण्याकडे न लोटता उन्हात पसरून वाळवायचा, हेही पुन्हा सांगितलं. "ताडपत्री बांधूनच ठेवलीय, ताई," असं त्याचं उत्तर आलंय. "दुसरी बाजू उद्या घेतो."